नोंद न झालेला माणूस

माझ्या पथकात आम्ही सात जण होतो, मी आणि हाताखालचे सहा. त्यातल्या पाच जणांचं काम मी रोज तपासून घ्यायचे. सहाव्याचं कधीच तपासलं नाही.

तो सहावा माणूस म्हणजे आमचे सहायक फौजदार. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीसुद्धा. नोकरीत अगदी नवी असताना माझी पहिली नेमणूक चोपड्याला झाली, तेव्हा ते तिथे हवालदार होते. पहिल्याच आठवड्यात एका बाईचा जबाब घेताना मी तिच्यावर प्रश्नांचा मारा करत होते. ती पदर तोंडाला लावून गप्प झाली. नाना मागून हळूच म्हणाले, "मॅडम, त्या बाईले पाणी द्या, आन् दोन मिनिटं काही बोलू नका." मी तसं केलं. पाणी पिऊन झाल्यावर ती बाई आपणहून बोलायला लागली आणि तासभर बोलत राहिली. पोलीस कसं व्हायचं ते मला प्रशिक्षणात नाही, त्या दिवशी कळलं.

बारा वर्षांनी मी उपअधीक्षक झाले आणि जळगाव-धुळ्याकडचं दहशतवादविरोधी आणि संघटित गुन्हेगारीचं काम बघायला एक छोटं पथक माझ्याकडे दिलं गेलं. "माणसं कोणती हवीत?" असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी पहिलं नाव नानांचं सांगितलं. त्यांना निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आणखी कुणी असता तर घराजवळची सोपी जागा मागून घेतली असती. ते आले. दोघंच असलो की ते मला ताई म्हणायचे, चारचौघांत मॅडम.

या कामाचं नाव मोठं आहे, पण रोजचं काम फार साधं असतं. लॉजची रजिस्टरं बघायची. भाड्याच्या खोल्यांत कोण राहायला आलं, जुने मोबाईल कोण विकतो, कोणता ट्रक कुठे थांबतो याची माहिती ठेवायची. आणि सगळ्यात जास्त म्हणजे लोकांकडे जाऊन बसायचं. चहाच्या टपरीवर, गॅरेजमध्ये, मशिदीसमोरच्या पानाच्या दुकानात, गणेश मंडळाच्या मांडवात. लोकांना तुमची सवय झाली की कधीतरी कुणीतरी काहीतरी सांगतं. तोवर वरून फोन येत राहतात की प्रगती काय.

त्या वर्षी वरून एक वेगळाच फोन आला. परराज्यात एका घातपाताच्या कटात पकडलेल्या लोकांकडे जी पिस्तुलं सापडली, ती सातपुड्याच्या पायथ्यावरून गेली होती. पलीकडून डोंगर उतरून आपल्याकडे येतात आणि इथून पुढे जातात, एवढंच कळलं होतं. कशातून जातात, कोण पाठवतो, काही नाही. गावठी पिस्तुलं आमच्या भागात नवी नव्हती. पण ती आतापर्यंत दरोड्यात आणि टोळीच्या भांडणात सापडायची. आता तीच माणसं, तीच वाट, आणि गिऱ्हाईक मात्र भलतंच. मला ते ऐकून झोप लागेना.

दोन महिने काहीच हाती लागलं नाही. मग एके दिवशी दुपारी धुळ्यातल्या आमच्या तात्पुरत्या खोलीवर एक माणूस आला. साठीच्या आसपासचा, पांढरी दाढी, हाताच्या रेघांत काळं तेल मुरलेलं. धुळ्यात त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. वडील लोहारकाम करायचे, त्याने लेथ घेतलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे बुश, पंपाचे शाफ्ट असलं काम करायचा. गल्ली त्याला चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो.

नानांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः गप्प बसले. चाचांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी पोलादी पिन काढून टेबलावर ठेवली.

"एकाने हा नमुना दिला," ते म्हणाले. "म्हणाला, पंपाची आहे, अशा पुष्कळ लागतील. मॅडम, मी तीस वर्षं लोखंड कापतो. असली पिन पंपात नसते. ही बंदुकीत असते."

"तुम्ही काय सांगितलं त्याला?"

"सांगितलं, मशीनचं बेअरिंग गेलंय, आठ दिवसांनी ये."

"आमच्याकडे का आलात?" मी विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे. माणूस का आला ते कळलं की त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं, असं मला वाटायचं.

चाचांनी पिन पुन्हा रुमालात गुंडाळली. मग म्हणाले, "आमच्या गल्लीत एकजण वाकडा निघाला की बठ्ठी, अख्खी गल्ली वाकडी ठरते. एकदा झालंय तसं, गल्लीतलं एक पोरगं पकडलं होतं. माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं त्यात, त्या पोराशी तिचा काही संबंध नसताना. पुन्हा नको."

त्यांना ते काम घ्यायला मीच सांगितलं. काम घेतलं, पिना केल्या, तरच त्या पुढे कुठे जातात ते दिसणार होतं. चाचा तयार झाले. मग त्यांनी एकच अट घातली. "माझं नाव कुठे यायला नको. गल्लीत कळलं तर मी पोलिसांचा माणूस, आणि त्या लोकांना कळलं तर मी जिवंत नाही."

मी म्हटलं, "तुमचं नाव मला आणि नानांनाच माहीत राहील. शब्द देते."

असा माणूस वापरला की गोपनीय वहीत त्याची सांकेतिक नावाने नोंद करायची असते. पुढे कधी प्रश्न आला तर तो माणूस आपल्या सांगण्यावरून वागत होता, याचा तेवढाच पुरावा. चाचा गेल्यावर मी नानांना म्हटलं, "नोंद करून ठेवा." दुसऱ्या दिवशी विचारलं, "केली ना?" ते म्हणाले, "करी टाकी, ताई." मी वही उघडून पाहिली नाही.

पुढचे दोन महिने चाचा पिना करत होते आणि आम्ही त्या पिनांच्या मागे होतो. नाना आणि मी त्यांना तीनदा भेटलो, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. एकदा तर बस स्थानकावर, लोकांच्या गर्दीत, तिघांनी एकाच बाकावर बसून चहा घेतला. नाना आणि चाचा अहिराणीत गप्पा मारायचे. दोघांच्याही बायका आजारी असायच्या, त्यामुळे विषय बहुतेक औषधांचे असायचे.

पिना रावेरला जात होत्या. तिथे केळीच्या पॅकिंगचं एक मोठं शेड होतं. घड टाकीत धुऊन फण्या करायच्या, क्रेटमध्ये भरायच्या, ट्रक भरून उत्तरेकडे पाठवायचा, असं ते काम. शेड आणि ट्रक ज्याचे होते तो त्या भागातला मोठा माणूस. शाळेच्या कार्यक्रमाला हार घालायला त्यालाच बोलवायचे. लोक त्याला भाऊ म्हणायचे. केळीच्या क्रेटखाली काय जातं, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. त्याच्याकडचा मुकादम चाचांकडे पिना न्यायला यायचा. एका दिवशी ट्रक भरताना भाऊ स्वतः शेडवर असणार, पुढच्या गिऱ्हाइकाचा माणूस तिथे येणार, अशी पक्की खबर मिळाली. यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

छापा सकाळी साडेदहाला टाकायचा ठरला. मी समोरच्या रस्त्याने जाणार होते. नाना आणि चाचा शेडच्या मागच्या बाजूला एका गाडीत बसणार होते, कारण मुकादमाला ओळखणारे एकटे चाचाच होते. आम्ही आत शिरलो तेव्हा मजूर फण्या धूत होते. कुणी पळालं नाही. ट्रकमध्ये पिस्तुलं सापडली, मुकादम सापडला, आणखी तीन माणसं सापडली. भाऊ नव्हता. पुढच्या गिऱ्हाइकाचा माणूसही नव्हता. भाऊची खुर्ची होती, टेबलावर त्याच्यासाठी आणलेला नाश्ता झाकून ठेवलेला होता. मुकादम मला म्हणाला, "भाऊ येणारच होते. काय झालं माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या पथकाचं कौतुक आलं. मी ते वाचलंही नाही. ज्याच्यासाठी सगळं केलं तो घरी बसून होता आणि त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एक कागद नव्हता. पकडलेल्या माणसांपैकी एकजणही त्याचं नाव घ्यायला तयार नव्हता.

तिसऱ्या दिवशी चाचा मला भेटायला आले. एकटीला भेटायचंय म्हणाले. मी नानांना बाहेर जायला सांगितलं.

"मॅडम, त्या दिवशी नानांनी फोन लावला होता," चाचा म्हणाले.

"कुणाला?"

"आम्ही गाडीत होतो. दहाच्या सुमाराला नाना म्हणाले, उसाचा रस पिऊन येतो. समोरच रसवंती होती. मला तहान लागली म्हणून मीही मागून उतरलो. नाना रसवंतीवाल्याचा फोन घेऊन चरकाच्या मागे बोलत होते. 'भाऊ, आज शेडवर येवू नका, तब्येत बरी नही शे असं सांगा.' एवढंच बोलले. मी ऐकलं. त्यांनी वळून मला बघितलं. मग मला म्हणाले, घरी फोन होता."

मला आठवतं, मला नानांचा संशय आला नाही. मला चाचांचा राग आला होता.

"चाचा, तुम्ही चुकीचं ऐकलंत."

"नाही ऐकलं चुकीचं."

"नानांना मी बारा वर्षं ओळखते."

"आणि मला?"

"तुम्हाला दोन महिने."

चाचा मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे." आणि उठून गेले. त्यांचा चहा तसाच होता.

आता जे लिहितेय ते आजपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. संशय म्हणून नाही. गंमत म्हणूनही नाही. आपल्या माणसाबद्दल कुणी काहीतरी बोललं की आपण त्याला जाऊन सांगतो ना, तसं. "नाना, चाचा असं असं म्हणत होते," मी म्हटलं. नाना जरा हसले. म्हणाले, "म्हातारं घाबरेल शे, ताई. त्याले आता सगळीकडे भूत दिसतील." मलाही ते पटलं. घाबरलेली माणसं काहीही बोलतात, हे मला नानांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी मला नाशिकला तीन दिवसांची बैठक होती. मी परत येईपर्यंत चाचांना अटक झाली होती.

तपास आता माझ्या पथकाकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला होता. मुकादमाने जबाबात सांगितलं होतं की पिना धुळ्याच्या लेथवाल्याने केल्या. ते खरंच होतं. त्या अधिकाऱ्याने वर्कशॉपवर जाऊन मशीनला सील ठोकलं आणि चाचांना हातकडी घालून गल्लीतून चालवत नेलं. पेपरात आलं, दहशतवादाचं जाळं, धुळ्यातला शस्त्र कारागीर जेरबंद.

मी धावत वरिष्ठांकडे गेले. म्हटलं, "सर, तो आपला माणूस आहे. मी त्याला ते काम घ्यायला सांगितलं होतं."

"नोंद असेल ना?"

"आहे. वहीत आहे."

वही मागवली. पानं उलटून बघितली. चाचांची नोंद नव्हती. त्या तारखेला नव्हती, त्याच्या आधी नव्हती, नंतर नव्हती. माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. मी म्हटलं, "सहायक फौजदारांनी करायची राहिली असेल. पण त्यांना सगळं माहीत आहे. ते सांगतील. तीन वेळा आम्ही दोघं त्याला भेटलोय."

वरिष्ठांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. नानांचा जबाब. दोन दिवसांपूर्वी घेतलेला. त्यात लिहिलं होतं की सदर इसमास मी ओळखत नाही, अटकेपूर्वी त्यास कधीही भेटलो नाही, मॅडमनी त्यास काही काम सांगितल्याबाबत मला माहिती नाही. छापा पडला त्या दिवशी गाडीत माझ्यासोबत कोणीही नव्हते.

खाली सही होती. नानांची सही मी हजार कागदांवर बघितली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ते लांब ओढायचे.

मी तो कागद तीनदा वाचला. मला बस स्थानकावरचा बाक दिसत होता, त्यावर आम्ही तिघं. ज्या माणसाने त्या बाकावर चाचांना आपल्या हाताने चहा दिला, तो लिहून देतोय की मी याला कधी भेटलो नाही. नाना खोटं बोलतायत हे सांगायला मला आणखी कुठल्या पुराव्याची गरज नव्हती. आणि नाना या बाबतीत खोटं बोलतायत म्हटल्यावर फोनचं सगळं खरं होतं. म्हणजे चाचा खरं बोलत होते. म्हणजे मी.

वरिष्ठ म्हणाले, "तुमच्याकडे लेखी काय आहे?"

"काही नाही."

"मग विषय सोडा. तुम्ही भावनेच्या भरात एका आरोपीला वाचवताय असं दिसेल. तेही अशा आरोपीला."

अशा आरोपीला म्हणजे कशा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जाताना जिन्यात माझ्या मनात एक विचार आला आणि तो आजही गेलेला नाही. चाचांच्या जागी माझ्या पाचोऱ्याच्या गल्लीतला, माझ्या वडिलांच्या ओळखीचा एखादा माणूस असता, आणि त्याने नानांबद्दल तेच सांगितलं असतं, तर मी निदान एकदा रसवंतीवाल्याला जाऊन विचारलं असतं की नाही? मी सगळ्यांना सारखं वागवते, असं मी स्वतःबद्दल समजत आले होते.

रसवंतीवाल्याला मी नंतर विचारलं. त्याला आठवत होतं. दाढी नसलेले, वयस्कर, साध्या कपड्यातले पोलीस, फोन मागून चरकामागे गेले. पण नंबर विचारला तर म्हणाला, "ताई, मी तो मोबाईल विकून टाकला." आणि पुढे बोलला नाही. रावेरात भाऊबद्दल कुणीच पुढे बोलत नसे.

नानांनी रजा टाकली होती. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या गावी गेले, चोपड्याच्या पुढे. अंगणात त्यांची बायको डाळ निवडत होती. मला बघून तिला आनंद झाला. "ताई, इतक्या दिवसांनी. कळण्याची भाकर टाकस, जेवीसन जा." बोलताना तिला मध्येच दम लागत होता. नाना बाहेर आले, मला बघितलं आणि खाट ओढून दिली. मी बसले नाही.

"फोन तुम्ही केला होता," मी म्हटलं. मी विचारत नव्हते, हे त्यांना कळलं.

त्यांनी घराकडे बघितलं, बायको आत गेल्याची खात्री केली. मग म्हणाले, "हो, ताई."

"का?"

"कोरोनाची दुसरी लाट आठवस ना? मनी बायकोले ऑक्सिजन पाहिजे व्हता. जळगावमा एक बेड नव्हता. मी वर्दी घालून प्रत्येक हॉस्पिटलच्या दारात उभा राहिलो. कोणी विचारलं नाही. आपल्या साहेबांनी फोन उचलला नाही." त्यांनी आतल्या दाराकडे हात केला. "भाऊनी एका तासात बेड दिला. स्वतःची गाडी पाठाडी. ती आज आतमा भाकर करी राहिनी, ती त्यानामुये."

मला त्या दिवसांत नानांचा फोन आला होता का, हे मी आठवायचा प्रयत्न करत होते. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. आला होता. मी बैठकीत होते. नंतर करते म्हटलं होतं.

"आणि चाचा? त्यांनी तुमचं काय केलं होतं?"

नाना खाटेच्या कडेवर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्यानी माले देखी लिधं व्हतं. तरी मी काही करणार नव्हतो. माले वाटनं, म्हातारा गप्प बसेल. तुम्हीच तं येऊन सांगं माले, ताई. मग मी काय करतो? माझी नोकरी जाती, पेन्शन जाती, हिचं औषध जातं."

"वहीतली नोंद? ती तर फोनच्या आधीची. तेव्हाच का केली नाहीत?"

याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पिना भाऊकडे जातात हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, की नोंद खरोखर राहून गेली, हे मला अजून माहीत नाही. मी म्हटलं, "जबाब बदला. फक्त चाचांपुरता. तो आपला माणूस होता एवढं लिहून द्या. फोनचं मी कुठे बोलणार नाही."

ही सौदेबाजी मी केली. पोलीस अधिकारी म्हणून मला ती करायचा अधिकार नव्हता. नानांनी मान हलवली. नाही म्हणून. एक खोटं काढलं की दुसरं निघणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आतून त्यांच्या बायकोने ताट वाढल्याची हाक मारली. मी तशीच गाडीत बसले. माझ्यामागे ती दारात येऊन नानांना विचारत होती, "ताई काबं गयी?"

चाचांच्या जामिनाच्या वेळी मी न्यायालयात स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं. वरिष्ठांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी लिहिलं की आरोपीने पिना माझ्या सूचनेवरून केल्या, खबर त्यानेच दिली, नोंद ठेवली गेली नाही ही चूक माझी. फोनचंही लिहिलं. सरकारी वकिलांनी मला विचारलं की तुमच्याच हाताखालचा अनुभवी कर्मचारी खोटं बोलतोय असं तुम्हाला म्हणायचं आहे का. मी हो म्हटलं. नाना मागच्या बाकावर बसले होते. मी वळून बघितलं नाही.

चाचांना जामीन मिळाला. तोवर ते दहा महिने आत होते. पुढे न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्तही केलं. नोंद न ठेवल्याबद्दल माझी खातेनिहाय चौकशी झाली, पथक मोडलं, मला कागदपत्रांच्या एका शाखेत बसवलं. नानांविरुद्ध माझ्या शब्दापलीकडे काही नव्हतं. ते हार आणि नारळ घेऊन निवृत्त झाले. भाऊला कुणी हात लावला नाही. मुकादम अजून तुरुंगात आहे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. माझं प्रतिज्ञापत्र पेपरात छापून आलं, चाचांच्या नावासकट. खबर देणारा म्हणून जे नाव मी कुठेच येऊ देणार नव्हते ते मीच जाहीर केलं होतं. अटक झाली तेव्हा गल्ली त्यांच्या घरी डबा देत होती, वकील बघत होती. सुटून आले तेव्हा ते पोलिसांचे खबरे होते. लोकांनी बोलणं बंद केलं. भाऊची माणसं दोनदा वर्कशॉपसमोर येऊन उभी राहून गेली. चाचांनी धुळे सोडलं आणि बायकोला घेऊन ते पाचोऱ्याला बहिणीकडे गेले.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना शोधत गेले. पाचोरा माझं माहेर, त्यामुळे पत्ता लागायला वेळ लागला नाही. स्टेशनच्या बाजूला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये ते मजुरीने काम करत होते. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि बाहेर आले. बसा म्हणाले नाहीत. मीही उभीच राहिले.

"कसे आहात, चाचा?"

"ठीक आहे, साहेब."

पूर्वी ते मला मॅडम म्हणायचे. मी माफी मागितली. मनात बरंच जुळवून आणलं होतं, त्यातलं अर्धं बोलता आलं नाही. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"तुम्ही कोर्टात खरं बोललात," ते म्हणाले. "तुमचंही नुकसान झालं, ऐकलं मी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नानांबद्दलही नाही. त्यांना त्यांची बायको होती." ते रस्त्याकडे बघत होते. "पण त्या दिवशी मी खोटं का बोलेन, एवढं तरी तुम्ही मला विचारायचं होतं. नंतर खोटा ठरवला असता तरी चाललं असतं."

तेवढ्यात एक शेतकरी मोटारसायकलवर पंपाचा वाकलेला शाफ्ट आडवा बांधून आला. चाचांनी तो सोडवून घेतला, डोळ्यांसमोर धरून कुठे वाक आहे ते बघितलं, "संध्याकाळपर्यंत देतो" म्हणाले आणि आत गेले. मशीन सुरू झालं. मी थोडा वेळ तिथेच उभी होते. मग त्यांच्या मालकाने मला विचारलं, "तुमचं काय काम आहे, ताई?" मी काही नाही म्हटलं आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले.